यात्रेचा सोमवार कुणाचा

घोटावडे आणि नेरे यांच्या मधल्या एका गावात मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. इमारत तीन मजली होती. तळमजल्यावर मालक राहत, वरच्या दोन मजल्यांवर हिंजवडीत नोकरी करणारे भाडेकरू. मालकांच्या भातखाचरांपैकी बरीचशी आता खोल्या, गाळे आणि एका गोदामाच्या पायाखाली गेली होती. उरलेल्यांत इंद्रायणी भात पिकत असे. कंपाउंडच्या पलीकडं मालकांच्या थोरल्या भावाची इमारत होती. तीही तीनच मजली, पण गच्चीवरची टाकी उंच चौथऱ्यावर बसवल्यामुळं जास्त उंच दिसे. हा चौथरा धाकट्यांची टाकी बसल्यानंतर बांधला गेला, अशी माहिती मालकीणबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात दिली.

त्याआधी मी पुण्यातल्या एका वृत्तपत्रात बातम्या तपासत होतो. ती आवृत्ती बंद झाली आणि ओळखीतून एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम तपासण्याचं काम मिळालं. दोन्ही कामांत फरक थोडाच आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं, त्यातली खोट काढायची आणि लिहिणारा ती मान्य करेपर्यंत त्याच्या टेबलाशी उभं राहायचं. इथं लिहिणारा माझ्याच खोलीत राहत होता, त्यामुळं उभं राहण्याची सोय घरीही झाली. तो अकोल्याचा. वय सत्तावीस, डोकं तल्लख, आणि स्वतःच्या चुकीबद्दल बोलताना नेहमी दुसऱ्या कुणाची तरी बाजू घेतल्यासारखा बोलणारा.

आमचा गट रजा आणि पगाराचं एक पॅकेज बनवत होता. त्यातली तारखांची सगळी फंक्शनं खोलीमित्रानं लिहिली होती. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅमचा एक लहान तुकडा: त्याला काही विचारायचं, त्यानं एक उत्तर द्यायचं. दोन तारखा दिल्या की मधले दिवस किती, एवढंच सांगणारं एक फंक्शन होतं. ते सोमवार ते शुक्रवारच्या रजेचे चार दिवस धरत होतं, कारण शेवटच्या तारखेतून पहिली वजा केली की चारच उरतात. हे पॅकेज आमच्याच ऑफिसात दोन महिने वापरात होतं. कुणाचीही तक्रार आली नाही, कारण चूक रजा घेणाऱ्यांच्या फायद्याची होती. मी ती नोंदवली तेव्हा गटातल्या दोघांनी माझ्याशी काही दिवस बोलणं टाकलं.

खोलीमित्राचं म्हणणं वेगळं होतं. अंतर मोजताना दोन्ही टोकं कुणी मोजतं का, असं तो विचारी. पुण्याहून अकोला किती लांब हे सांगताना स्टेशनांची लांबी धरतात का? शेवटी गटप्रमुखांनी निर्णय दिला. रजेसाठी दोन्ही टोकं मोजायची, नोटिशीच्या मुदतीसाठी एकच. का, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून आमच्याकडं दोन प्रकारचे दिवस चालू होते आणि दोन्ही बिनतक्रार चालले होते.

तुळशीचं लग्न उरकल्यावर एका रविवारी मालकीणबाई वर आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. त्यांच्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं, खिळ्यावरून काढून आणलेलं, आणि सोबत पुढच्या वर्षाचंही. त्यांनी दोन्ही खोलीमित्राच्या लॅपटॉपवर ठेवली.

गावच्या देवीच्या पूजेची पाळी अकरा घरांत फिरते. एका घराकडं आठ दिवस पाळी, मग पुढच्या घराकडं. ज्या घराच्या पाळीत चैत्रातली यात्रा येते, त्या घरची बाई देवीला स्वतःच्या हातानं नवी साडी नेसवते. बाकी वर्षभर हे काम कुणाच्या खिजगणतीत नसतं. यात्रेच्या दिवशी मात्र मुळशी तालुक्यातल्या अर्ध्या सोयऱ्यांच्या लेकीसुना ती साडी पाहायला दारात उभ्या असतात. काकूंनी लग्न होऊन आल्यापासून यात्रेची साडी कधी नेसवली नव्हती. एकदा यात्रा त्यांच्या पाळीत आली तेव्हा घराला सुतक होतं आणि पाळी पुढच्या घराला दिली गेली. थोरल्या जावेच्या वाट्याला मात्र ती दोनदा आली होती. त्या दोन्ही साड्यांचे रंग, काठ आणि दोष काकूंना पाठ होते.

या खेपेला त्यांच्या हिशेबानं पाळी त्यांची होती. त्यांना येवल्याला पैठणी विणायला टाकायची होती आणि विणकर तीन महिने मागत होता. अडचण एवढीच होती की थोरलीनंही हिशेब केला होता. दोन्ही घरं पाळीच्या क्रमात एकापाठोपाठ एक येत, आधी थोरली, मग धाकटी.

"मी मोजलं तर आमची येतीया," काकू म्हणाल्या. "ती मोजतीया तर तिची. आता मशिनीला इचारा. मशिनीला काय जाऊ न्हाई."

खोलीमित्राला हा प्रश्न आवडला. ऑफिसात त्याच्या फंक्शनची वाट कुणीच पाहत नसे. त्या दिवशी पाळी कुणाकडं आहे, तिच्यापासून यात्रेपर्यंत दिवस किती, त्यांना आठानं भागायचं, जेवढा भाग जाईल तेवढी घरं पुढं सरकायचं, अकरा घरं संपली की पुन्हा पहिल्यावर यायचं. चहा निवायच्या आत फंक्शन तयार झालं. यात्रेची तारीख त्यानं पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरातून घेतली. उत्तर आलं ते दोघी जावांपैकी एकीचंही नव्हतं. वरच्या आळीतल्या, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या घराचं होतं.

काकूंनी दोन्ही कॅलेंडरं गुंडाळली आणि त्या खाली गेल्या. त्यांना झालेलं दुःख गावात तासाभरात पसरलं, त्यासोबत उत्तरही पसरलं. संध्याकाळी व्हॅनवाल्यांच्या घरून पेढे आले. यात्रा आपल्या पाळीत येईल याची त्यांना काहीच कल्पना नव्हती, असं पेढे आणणाऱ्या त्यांच्या सुनेनं सांगितलं, पण मशिनीत आलंय म्हटल्यावर गप्प बसणं बरं दिसलं नसतं. आम्ही पेढे खाल्ले.

या फंक्शनची चाचणी झालेली नाही, हे मी खाताना सांगितलं. चाचणी म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारून पाहणं. इथं ठाऊक उत्तरं गावाजवळ होती: मागच्या यात्रांना कुणाची पाळी होती? पुढचे दोन आठवडे मी ती गोळा केली. वृत्तपत्रात असताना एका माणसाच्या सांगण्यावर काही छापायचं नाही असा नियम होता, तो मी इथंही लावला. गावात कुणालाच साल सांगता येत नव्हतं. यात्रा ओळखल्या जात होत्या त्या वेगळ्या खुणांनी: पाळणा वरच अडकला ती, पिरंगुटच्या पैलवानानं नारळाची कुस्ती मारली ती, ऑर्केस्ट्रातली बाई आलीच नाही ती. पाळणा अडकला त्या यात्रेबद्दल तिघांचं एकमत होतं, कारण तिघंही वर अडकले होते. ऑर्केस्ट्राच्या यात्रेबद्दल दोन मतं होती. बाई आली होती पण गायली नाही, असा एक पक्ष होता. साल मात्र पोरांच्या इयत्तांवरून काढता आलं. अशा चार यात्रा मला दोन-दोन माणसांच्या तोंडून पक्क्या मिळाल्या.

फंक्शन चारही चाचण्यांत नापास झालं. एकदा तर त्यानं ज्या घराचं नाव दिलं, त्या घराच्या पाळीनंतर तब्बल सहा घरांनी खरी यात्रा आली होती.

खोलीमित्रानं आकडे पुन्हा तपासले. "गावच चुकलं, भाऊ," तो म्हणाला. "फंक्शन तं बरोबर आहे."

गाव चुकलं असेल तर कधीपासून, असं मी विचारलं. त्यानं तेही काढून दाखवलं. त्याच्या मते हे गाव सुरुवातीपासून चुकत होतं.

या सगळ्या काळात काकू आमच्याशी तुटक बोलत होत्या, पण जेवणाचा डबा येत राहिला. तांदळाच्या भाकरी आणि कालवण. एकदा डबा द्यायला त्या स्वतः आल्या, तेव्हा खोलीमित्रानं त्यांना गावाची चूक समजावून सांगायला घेतली. आठ दिवसांची पाळी, अकरा घरं, म्हणजे सगळी फेरी इतक्या दिवसांची. काकूंनी त्याला थांबवलं आणि उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. त्या मोजत गेल्या आणि पुढच्या सोमवारवर आठ झाले.

खोलीमित्र म्हणाला, "काकू, तो सोमवार तं पुढच्या घराचा झाला ना?"

"त्यांचा येक, आमचा आठ."

"मग एक दिवस दोघांचा?"

"सोमवार हाय त्यो. त्याला काय हुतंय?"

कालवण निवत होतं. गावात दर आठवड्याला एका सोमवारचे दोन सोमवार होत होते आणि कॅलेंडरला त्याचा पत्ता नव्हता. पाळी आठ दिवसांची होती, पण ती सात दिवसांनी बदलत होती. आम्ही दोघांनी यावर आश्चर्य व्यक्त केलं, तेही फार वेळ टिकलं नाही, कारण तेवढ्यात खोलीमित्राला आईचा फोन आला. घरी कधी येतोस असं तिनं विचारलं. आज शुक्रवार, आठ दिवसांनी येतो, असं त्यानं सांगितलं. त्याचं गाडीचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं होतं. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडं पाहायचं टाळत लॅपटॉपकडं गेला आणि आठाच्या जागी सात लिहून आला. जन्मभर जो हिशेब तोंडानं बरोबर केला, तो बोटांनी टाइप करताना चुकला होता. मीही तो आकडा दोन आठवडे रोज पाहत होतो.

आता चारपैकी तीन चाचण्या पास झाल्या. चौथीची चौकशी केली तेव्हा त्या वर्षी त्या घराला सुतक होतं असं निघालं आणि तीही मिटली. पाच महिन्यांच्या अंतरात फंक्शन तीन घरं मागं राहिलं होतं. ती भरून निघाल्यावर यात्रेसमोर नाव आलं काकूंच्या घराचं.

यात्रा सोमवारी येत होती. ज्या सोमवारी पाळी थोरलीकडून धाकटीकडं जाणार होती, नेमक्या त्याच. सोमवार कुणाचा धरला आहे, असं मी खोलीमित्राला विचारलं. नव्या घराचा, तो म्हणाला. एका तारखेला एकच नाव परत द्यायचं तर कुठंतरी रेघ मारावीच लागते. तसं त्यानं फंक्शनच्या डोक्यावर एका ओळीत लिहूनही ठेवलं. लिहून ठेवलं की आमच्याकडं प्रश्न सुटला असं मानत. आमच्या चारही यात्रा मंगळवार ते रविवारमधल्या होत्या. चाचण्यांत एकही सोमवार नव्हता.

काकूंनी निकाल छापून मागितला. ऑफिसच्या प्रिंटरवर एक पान काढलं. खोलीमित्रानं त्यावर अकरा घरं आणि त्यांच्या तारखा व्यवस्थित रकान्यांत मांडल्या होत्या. काकूंना मराठी वाचता येत होतं, पण त्यांनी ते वाचलं नाही. नुसतं आपलं घर कुठं आहे ते विचारून तिथं कुंकवाचं बोट लावलं. मग येवल्याला फोन केला. डाळिंबी रंग, काठावर मोर नको, मोर थोरलीच्या दुसऱ्या साडीला होते. दोघी लेकींना कळवलं. जावयांनी त्या दिवशी रजा टाकायची असं ठरलं, आणि एका जावयांचं ऑफिस आमचंच पॅकेज वापरणार होतं असं पुढं समजलं. व्हॅनवाल्यांना निरोप गेला. त्यांनी मनावर घेतलं नाही, पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही.

फाल्गुनात एका दुपारी थोरल्या जाऊबाई आमच्या खोलीवर आल्या. त्या धाकट्यांच्या इमारतीचा जिना चढत नाहीत असं आम्ही ऐकून होतो. त्या दारातच थांबल्या, खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. तुमच्या कागदात काय आलंय ते गावभर झालंय, असं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"येवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "सोमवारची सकाळ कुणाची?"

खोलीमित्रानं लॅपटॉप उघडला. फंक्शनला तारीख कळत होती. सकाळ कळत नव्हती.

त्यांनी मग आम्हाला सांगितलं, तेही शिकवल्यासारखं नव्हे, जणू आम्ही विसरलो असू अशा बेतानं. पाळी संध्याकाळच्या आरतीला बदलते. सोमवारी सकाळचा अभिषेक जुन्या घराचा, आरतीपासून पुढं नव्याचा. आणि देवीला साडी नेसवतात ती अभिषेकानंतर, सकाळी. संध्याकाळी फक्त आरती होते आणि पालखी निघते. पालखीत मुखवटा असतो, त्याला साडी नसते. यात्रेच्या सोमवारी सकाळी पाळी त्यांची होती.

त्या गेल्यावर खोलीमित्रानं दार लोटलं. काकूंना हे ठाऊक असणार, असा त्याचा तर्क होता. मी खाली जाऊन विचारलं. काकू तांदूळ निवडत होत्या. हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे, असं त्यांनी सांगितलं. मग आम्हाला का सांगितलं नाही? त्यावर त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. त्यांनी विचारलं होतं यात्रेच्या दिवशी पाळी कुणाची, आणि कागदावर त्यांचं नाव आलं होतं. कागदावर सकाळ-संध्याकाळ असं काही नव्हतं. कागद बोलेल तेवढंच बोलावं, असं त्यांचं मत दिसलं. बातमीत काय, कुठं, कधी हे विचारायचं असतं. मी दिवस कोणता एवढंच विचारून थांबलो होतो, आणि त्यांना ते सोयीचं पडलं होतं.

पुढचं काम ऑफिसातून उचललं. रजेच्या पॅकेजात अर्ध्या दिवसाची सोय होती, पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा. खोलीमित्रानं तीच सोय देवीच्या फंक्शनला जोडली. आता सोमवार दिला की दोन नावं येत. सोमवारसाठी वेगळ्या चाचण्या लिहिल्या आणि पास झाल्या. हे त्यानं आजवर लिहिलेलं सगळ्यात अचूक फंक्शन होतं, आणि त्याचं उत्तर खाली जाऊन सांगायला तो तयार नव्हता. नवा कागद मी नेला. काकूंनी तो हातात घेतला नाही. जुना बरा आहे, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात पैठणी आली. मी पाहिलेली डाळिंबी रंगाची ती एकमेव गोष्ट आहे, जी डाळिंबापेक्षा गडद असूनही डाळिंबासारखी दिसत होती. काकूंनी ती कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली कमरेला.

यात्रेपर्यंतचे दिवस दोन्ही घरांना जड गेले. दोन इमारतींच्या मधल्या कंपाउंडाला एक फाटक होतं, ते फक्त काका वापरत. काका म्हणजे आमचे मालक. आयुष्यभर त्यांनी या फाटकातून भावाचा निरोप बायकोला आणि बायकोचा भावजयीला असा पोहोचवला होता, आणि दोन्हीकडं निरोप थोडा मऊ करून सांगायची त्यांना सवय होती. गुढीपाडवा झाल्यावर त्यांनी एक निरोप आणला, तो मात्र मऊ करण्यासारखा नव्हता. थोरलीनं सांगितलं होतं की येवल्याहून येवढी साडी आलीय तर ती यात्रेलाच देवीच्या अंगावर दिसावी. सकाळी नेसवायला तिची ना नाही. फक्त पाळी तिची, म्हणून नेसवणार ती.

साडी हिची आणि हात तिचा. हा प्रस्ताव किती बेरकी आहे हे काकांनाही कळलं होतं. यात्रेला आलेल्या बायका विचारणार, पैठणी कुणी नेसवली? आणि उत्तर येणार, थोरलीनं. नाही म्हणावं तर पैठणी निघणार मंगळवारी सकाळी, यात्रा उठल्यावर, आणि पाहायला असणार गुरव आणि पाळण्याच्या कड्या सोडणारी माणसं.

काकूंनी दोन दिवस घेतले. लेकींना फोन झाले. थोरल्या लेकीचं मत होतं की होय म्हणावं, फोटोत हात कुणाचा ते कुठं दिसतं. धाकट्या लेकीचं मत होतं, साडी परत येवल्याला पाठवावी पण हे होऊ देऊ नये. काका म्हणाले, दोन्ही लेकींचं बरोबर आहे. खोलीमित्रालाही विचारलं गेलं. फंक्शनमध्ये हाताचा रकाना नाही, असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यात त्यानं कुणाची बाजू घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका फाटकाशी उभे होते. काकूंनी ओट्यावरूनच त्यांना सांगितलं, पलीकडं ऐकू जाईल इतपत.

"तिला म्हनावं, नेसवायची तर मीच नेसवीन. मंगळवारी दोन मान्सं असली तरी चालत्याल."

यात्रेच्या सोमवारी सकाळी थोरलीनं देवीला हिरवी साडी नेसवली. चांगली होती. काकू बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या, दर्शन घेतलं आणि साडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. संध्याकाळी आरतीच्या वेळी थोरलीनं घंटा आणि ताम्हण त्यांच्या हातात दिलं. पालखी निघाली, ढोल वाजले, कुस्त्या झाल्या, दोन्ही जावई पालखीला खांदा देऊन रात्रीच्या जेवणानंतर निघून गेले, कारण मंगळवारी त्यांना कामावर जायचं होतं. त्यांनी रजा सोमवारचीच टाकली होती.

मंगळवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. हिंजवडीला त्या दिवशी उशीर होईल असं खोलीमित्रानं गटप्रमुखांना कळवलं, कारण मात्र कळवलं नाही. मैदानात पाळण्याचे अर्धे पाळणे उतरवून झाले होते. गाडीवर लोखंड चढवणारे लोक एकमेकांना हिंदीत हाका मारत होते. भेळेचे द्रोण आणि खाज्याच्या पिशव्या वाऱ्यानं देवळाच्या पायरीला येऊन अडकत होत्या. आत काकू, त्यांच्या दोघी लेकी, काका आणि झोप न झालेला गुरव. बाकी कोणी नव्हतं.

मूर्ती हातभर उंचीची आहे. नऊवारी पैठणी तिला नेसवायची म्हणजे आठ वारांचं करायचं काय हा प्रश्न असतो. काकूंनी अभिषेक केला, मूर्ती पुसली आणि साडी उलगडली. गाभाऱ्यात जागा कमी, कापड फार. त्या घड्या घालत होत्या, सोडत होत्या, पुन्हा घालत होत्या. गुरवानं एक टोक धरायला हात पुढं केला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. लेकी दारात उभ्या राहून सूचना देत होत्या, त्याही बंद झाल्या. घाम पुसायला काकूंना पदर सापडत नव्हता, कारण डाव्या हातात देवीचा पदर होता.

बराच वेळ गेल्यावर मागं पावलं वाजली. थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. साध्या साडीत, हातात नारळ. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. आम्ही बाजूला झालो. त्यांनी मूर्तीकडं पाहिलं, पैठणीकडं पाहिलं आणि नारळ काकांच्या हातात दिला.

"निऱ्या उजवीकडं जादा झाल्यात," त्या म्हणाल्या. "खालून ढिल्या पडल्यात. आरतीपावतर ऱ्हायच्या न्हाईत."

काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या निऱ्या एका मुठीत धरून बसल्या होत्या. मंगळवार पूर्णपणे त्यांचा होता, आमच्या फंक्शनच्या तीन अवतारांपैकी शेवटच्या दोहोंचं यावर एकमत होतं.

"मग हुब्या काय ऱ्हायलात?" त्या म्हणाल्या. "आदी हात धुऊन या."

थोरल्या जाऊबाई नळाकडं गेल्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, मग काहीतरी आठवून पुन्हा धुतले आणि वाऱ्यावर वाळवत परत आल्या. गाभाऱ्यात दोघींना बसायला जागा नव्हती, म्हणून काकू थोड्या सरकल्या आणि थोरली त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. निऱ्या काकूंच्याच मुठीत राहिल्या. थोरली खालून एकेक ओढून सरळ करत गेली, आणि प्रत्येक निरी झाली की काकू मूठ तेवढीच सैल करत होत्या.